हरणांचा पूल आणि त्याचे हितचिंतक

कोणत्याही लोकोपयोगी बांधकामाचे आयुष्य दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, त्याच्याखालचे खांब. आणि दुसरी, त्याच्यावर प्रेम करणारी जनता. पैकी खांब किती भार सोसतील याची परीक्षा अभियंते आधीच घेऊन ठेवतात. जनतेचे प्रेम कितपत सोसवेल याची परीक्षा घेण्याची सोय मात्र कोणत्याही प्रगत राष्ट्रात अद्याप झालेली नाही. ती परीक्षा बांधकामालाच द्यावी लागते.

आमच्या बर्केनलो गावच्या वन्यजीव-सेतूने ती दिली. महामार्गावरून पशूंना पलीकडे जाता यावे म्हणून बांधलेल्या पुलास सर्वसामान्य जनतेने कसा पाठिंबा द्यावा, अशी पृच्छा आता गावोगावहून येत असते. सेतुमित्र मंडळाचा चिटणीस या नात्याने तिला उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आहे. ते मी येथे सविस्तर देत आहे.

महामार्ग आमच्या अरण्याच्या मधोमध गेलेला आहे. (अरण्य हा शब्द मी आदराने वापरतो. त्याच्या एका टोकाला उभे राहिले असता दुसऱ्या टोकाच्या वाहनतळावरील मोटारींचे रंग सांगता येतात.) या अरण्यात हरणे आहेत, रानडुकरे आहेत, आणि त्यांचा स्वभाव असा की जो पशू उत्तरेस असतो त्याचे काहीतरी महत्त्वाचे काम नेहमी दक्षिणेस असते. तज्ज्ञ यास जनुकीय देवाणघेवाण म्हणतात. आमच्या गावात यास स्थळे पाहणे म्हणतात. उत्तरेकडच्या हरणांना मनाजोगी स्थळे केवळ दक्षिणेकडे सांगून येतात, आणि मध्ये सहा पदरी रस्ता.

या रस्त्यावर चार वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत यान्टीन हाफरकाटे हिच्या छोट्या मोटारीपुढे एक हरिणी आली. यान्टीन घरोघर जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणारी परिचारिका आहे. हरिणी जागीच गेली. मोटारीचे तोंड चेपले. यान्टीनच्या खांद्याचे हाड मोडले, ते पुढे जुळले. परंतु महामार्गावर पाय टाकताच (म्हणजे अॅक्सिलरेटरवर) तो पाय आपोआप उचलला जाऊ लागला, तो काही जुळेना. ती महामार्गावर बैलगाडीच्या वेगाने जाऊ लागली. मागे मालमोटारींची रांग लागे. एकदा पोलिसांनी तिला बाजूस घेतले.

"काय बाई, गाडी बिघडलीय का?"

"नाही. हरीण येईल म्हणून हळू चालवतेय."

"कुठलंय हरीण?"

"ते आधी कळलं असतं, साहेब, तर मागच्या वेळीच थांबले नसते का?"

पोलिसांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि हा मुद्दा कायद्यात बसत नसल्याने तिला सोडून दिले.

तेव्हापासून यान्टीन शेजारच्या गावाला वळसा घालून जाऊ लागली आणि तिच्या सर्व फेऱ्या लांबल्या. याचा सर्वाधिक त्रास योस्ट लुब्बर्स यांना झाला. लुब्बर्सआजोबा महामार्गापलीकडे एकटे राहतात. त्यांच्या पायांना सूज येते. सकाळी बिछान्यातून उठल्याबरोबर त्यांच्या दोन्ही पायांत गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे चढवावे लागतात, आणि ते मोजे इतके घट्ट असतात की ज्याला ते हवेत त्याला ते स्वतः चढवता येत नाहीत. (आरोग्यखात्याची ही रचना मला नेहमी विचारपूर्वक केलेली वाटते.) यान्टीनला उशीर झाला की आजोबा उघड्या पायांनी खिडकीत बसून राहत, आणि ती येईपर्यंत पाय भोपळ्यासारखे होत. पायावर जखम झाली. डॉक्टर म्हणाले, असेच चालले तर आजोबांना राहते घर सोडून वृद्धाश्रमात जावे लागेल. दुसरी परिचारिका मिळावी म्हणून अर्ज केला. त्यास आपला क्रमांक प्रतीक्षायादीत असल्याचे अत्यंत सौजन्यपूर्ण उत्तर आले.

"वृद्धाश्रमात मी जाणार नाही," आजोबा म्हणाले. "तिथे सगळे म्हातारे असतात." आजोबा तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते.

एवढेच कारण होते. यान्टीनला मोजे चढवायला वेळेवर पोहोचायचे होते, आणि त्यासाठी हरणांनी रस्त्यावर येऊ नये एवढी तिची इच्छा होती. तिने गावात पुलाची मागणी केली.

आमच्या देशात कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी ती ज्यांना नको आहे त्यांना आधी बोलावून कॉफी पाजण्याची प्रथा आहे. तदनुसार जनसुनावण्या झाल्या. प्रत्येक सुनावणीस एक कप कॉफी व एक बिस्किट देण्यात येई व बिस्किटे दिल्यावर डब्याचे झाकण लावण्यात येई. एका नागरिकाने विचारले, पुलावर रानडुकराला डावीकडून की उजवीकडून चालावे लागेल. दुसऱ्याने विचारले, पुलावर हरणे उभी राहिली तर ती वरून आमच्या न्हाणीघरात पाहतील काय. तिसरा नागरिक काहीच न बोलता हात वर करून बसला होता. त्याचा क्रम आला तेव्हा तो म्हणाला की आपला कोणताही आक्षेप नाही, मात्र आपल्याला विचारले गेले पाहिजे. त्यास विचारण्यात आले.

शेवटच्या सुनावणीस यान्टीन उठली. "मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "मला फक्त लुब्बर्सआजोबांकडे वेळेवर पोहोचायचंय. त्यांचे पाय सुजायच्या आत."

बऱ्याच जणांचे डोळे पाणावले. त्या दिवशी बिस्किटांचा डबा दुसऱ्यांदा फिरवण्यात आला. जाणकार सांगतात की बर्केनलोच्या इतिहासात असा प्रसंग युद्धसमाप्तीनंतर प्रथमच आला.

पूल मंजूर झाला. तो बांधूनही झाला, आणि सुंदर झाला. दहा पावले रुंद, दोन्ही बाजूंस मातीचे बंधारे, म्हणजे पशूंना खालच्या मोटारींचे दिवे दिसू नयेत. प्रांत-सरकारने सांगितले की सिमेंट आमचे, माती जनतेची. मातीवर हेदरची जांभळी झुडपे, काटेरी वेली, वाळलेले ओंडके इत्यादी पशूंच्या आवडीचा पसारा मांडण्यासाठी लोकवर्गणी हवी. येथे आमच्या मंडळाचा जन्म झाला.

मंडळाच्या अध्यक्ष हिल्लेगोंडाबाई या निवृत्त मुख्याध्यापिका असून त्यांच्या नुसत्या खाकरण्याने आजही चाळिशीतले पुरुष खिशातून हात बाहेर काढतात. त्यांनी एक योजना मांडली. पुलाचा प्रत्येक चौरस मीटर एकेका नागरिकास दत्तक द्यावा. वर्गणी भरणाऱ्यास क्रमांकासह एक प्रशस्तिपत्र मिळेल, व 'या ठिकाणी निसर्ग माझ्यामुळे आहे' असे त्यावर लिहिलेले असेल.

योजना यशस्वी झाली. पंधरवड्यात पूल संपला. नंतर आलेल्यांना बंधाऱ्यांचे उतार देण्यात आले, आणि त्याही नंतर आलेल्यांनी, आम्ही काय सावत्र आहोत काय, अशी तक्रार केल्यावर त्यांना पुलाच्या बाजूच्या भिंती उभ्या मोजून देण्यात आल्या. माझा मीटर बरोबर मधला आहे. तेथे मी तहानलेल्या पशूंसाठी एक मातीचे पसरट भांडे ठेवले आहे. त्यात आजवर एका कबुतराने स्नान केले.

माणसाचे मन असे घडलेले आहे की सबंध अरण्य त्याला परके वाटते, परंतु त्यातला एक मीटर त्याचा म्हटला की रविवारी तो पाहायला जातो. पुलाच्या दोन्ही तोंडांशी 'मनुष्यांस प्रवेश बंद' अशी पाटी होती. ती आम्ही सर्वांनी वाचली आणि तिच्याशी सहमत झालो. ती सर्वसामान्य मनुष्यांसाठी होती. सभासद हा सर्वसामान्य मनुष्य नसतो. तसे असते तर त्याला प्रशस्तिपत्र कशाला मिळाले असते?

प्रथम सभासद आपला मीटर नुसता पाहून येत. मग असे लक्षात आले की पुलावर फार गवत माजले आहे. टेउन फेल्डहाउस हा आमचा डेलियावाला. जिल्ह्याच्या पुष्पप्रदर्शनात सतत दुसरा येतो. त्याच्या मीटरवर प्रांत-सरकारने एक कुजका ओंडका टाकला होता. तो पाहून टेउनला अपमान वाटला.

"अहो, शेजाऱ्याच्या मीटरवर निदान झुडूप आहे," तो मला म्हणाला. "माझ्यावर हे मढं का? काय केलंय मी सरकारचं?"

"तो किड्यांसाठी आहे, टेउन. किडे पक्ष्यांसाठी."

"किडेच हवे असतील तर माझ्या डेलियांवर मिळतील की. हवे तेवढे!"

ओंडका गेला व डेलिये आले. शेजारच्या मीटरवाल्याने डेलिये पाहून ट्यूलिपचे कंद पुरले. पलीकडच्या कुटुंबाने कांदे लावले, कारण त्यांच्या मते वन्यजीवांनाही सकस आहार मिळाला पाहिजे. कांदे तयार झाल्यावर मात्र ते घरी नेण्यात आले. खुरपताना कंबर धरते म्हणून बाके आली. बाके आल्यावर थर्मास आले. नंतर वाढदिवस आले, व वाढदिवसास खुर्च्यांचे कडे करून बसल्याशिवाय आमच्याकडे वाढदिवस लागू होत नसल्याने खुर्च्याही आल्या. खुर्च्या आणायला सायकल बरी पडते, म्हणून मधोमध एक पायवाट पडली, आणि तिच्यावर आपोआप विटा बसल्या. (आपोआप हा शब्द मी सभेच्या इतिवृत्तातून घेतला आहे.)

विटांची वाट झाल्यावर सगळा गाव तिच्यावरून जाऊ लागला. आधी पलीकडे जायला गावाच्या टोकाला सायकलींचा बोगदा होता. महामार्गाच्या खालून जाणारा, अरुंद, फरशा लावलेला. त्याच्या भिंतींवर शाळेतल्या मुलांनी हरणे रंगवली होती. (रानडुकरेही रंगवली होती, पण ती पालकांना ओळखता येत नाहीत.) पहाटेपासून त्या बोगद्यातून निवृत्त मंडळी विजेच्या सायकलींवरून ज्या वेगाने जात त्याचे वर्णन करणे कठीण आहे, नोकरीत असताना त्यांच्यापैकी एकानेही तो गाठला नव्हता. खांदा मोडलेली यान्टीन त्या गर्दीत सायकल घालायला धजत नसे. आता ही सर्व मंडळी आपापल्या मीटरला पाणी घालायला वर पुलावर जाऊ लागली. वरून दृश्यही चांगले दिसते. बोगद्यात कुणी फिरकेना.

अशा रीतीने पुलाची सर्व सिद्धता झाल्यावर, जूनच्या एका संध्याकाळी पहिले हरीण आले.

ते दक्षिणेच्या तोंडाने पुलावर चढले, बाकांच्या मधून वाट काढत टेउनच्या मीटरवर आले, आणि त्याने टेउनचे डेलिये खाल्ले. सर्व. प्रदर्शन आठवड्यावर आले होते. त्यानंतर ते ट्यूलिपांच्या वाळल्या पानांवरून निरिच्छपणे नजर फिरवून आल्या वाटेने परत गेले.

तातडीची सभा भरली. टेउन पहिला उठला.

"याच हरणांसाठी मी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या! पावसात! आणि यांनी माझ्याच फुलांना तोंड लावावं? बाकीचे तीनशे नव्याण्णव मीटर काय ओस पडले होते?"

"शांत व्हा, टेउन," हिल्लेगोंडाबाई म्हणाल्या. "त्यांना शिकवणाऱ्यांचा दोष आहे तो."

"त्यांना शिकवतं कोण, बाई?"

"तेच म्हणतेय मी."

विचारान्ती असे ठरले की पाहुण्याने घरात यावे, परंतु कपाटे उघडू नयेत. प्रथम मीटरांभोवती गुडघाभर जाळी लावण्यात आली. हरणे गुडघाभर जाळीस मानत नाहीत असे एका तज्ज्ञाने कळवल्यावर पुलाच्या दोन्ही तोंडांशी पुरुषभर उंचीची हिरवी जाळी लावली. ही जाळी महामार्गाच्या कडेला पशू येऊ नयेत म्हणून लावतात तीच, त्याच कारखान्यातली, आणि तिच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्यास जागा नाही. जाळीस दार आहे. दारास कुलूप आहे. किल्ली कोषाध्यक्षांकडे असून ती वन्यजीवांस मागणी करताच उपलब्ध होते.

आतापावेतो मिळालेल्या या अनुभवातून जनतेसाठी काही सूचना सिद्ध झाल्या, त्या अशा :

एक. वन्यजीव-सेतूस पाठिंबा द्यावयाचा असल्यास तो पुलावर जाऊन द्यावा. घरी बसून दिलेला पाठिंबा दिसत नाही.

दोन. पशू लाजाळू असतात. त्यांना आपली सवय व्हावी म्हणून मोठ्या संख्येने यावे.

तीन. कुत्र्यास आणण्यास हरकत नाही. तोही एक पशूच आहे, व पूल पशूंचा आहे.

चार. पुलावर शांतता पाळावी. ती पाळण्याविषयी इतरांस मोठ्याने सांगावे.

पाच. हरीण दिसल्यास घाबरू नये. ते हरीण नसते. ते बँडपथकातले देकुइपरांचे मोठे चिरंजीव असतात; मंडळाच्या वर्धापनदिनी शिंगे लावतात.

सहावी सूचना पुढील प्रसंगानंतर तयार झाली, म्हणून ती शेवटी देतो.

पावसाळी सप्टेंबरातली गोष्ट. मी लुब्बर्सआजोबांकडे त्यांच्या मीटरच्या नूतनीकरणासाठी गेलो होतो. (आजोबांकडे एका भिंतीवरचा मीटर आहे.) सकाळ नुकतीच झाली होती. पाहतो तो आजोबा खिडकीत बसलेले, पाय स्टुलावर, आणि दोन्ही पायांत मोजे.

"दोन्ही!" मी म्हणालो.

"दोन्ही!" आजोबा म्हणाले. "महिना झाला. रोज उजाडताच हजर असते पोरगी. हे बघ, जखम बघ. म्हणजे, नको, मोज्याखाली आहे ती. पण बुजली. डॉक्टर म्हणाला, आजोबा, आता राहा तुम्ही घरीच, मेलात तरी चालेल."

"पण ती येते कुठून एवढ्या लवकर? महामार्गाने?"

आजोबा खिडकीबाहेर पाहू लागले. खिडकीबाहेर एक भिंत आहे.

तेवढ्यात यान्टीन आतल्या खोलीतून आली. तिने माझ्याकडे पाहिले, आजोबांकडे पाहिले, आणि कपाळाला हात लावला.

"बोललात ना तुम्ही?"

"मी कुठे काय बोललो? मी मोज्याचं बोललो."

"अहो चिटणीस," ती मला म्हणाली, "तुम्हाला दाखवते. पण माझ्या गळ्याची शपथ घ्या, मंडळात बोलणार नाही."

"मंडळापासून काही लपवणं घटनेत बसत नाही, यान्टीन."

"मग घरी जा."

मी शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला बोगद्याच्या तोंडाशी सायकलसह उभे केले. वरती पुलावरून गजबज ऐकू येत होती. कुणीतरी कुणाला झारी मागत होते, कुत्री भुंकत होती. खाली बोगदा रिकामा होता. यान्टीनने एक पाय जमिनीवर टेकला आणि घंटी वाजणार नाही अशी तिच्यावर बोटे ठेवली.

पलीकडच्या तोंडातून एक हरिणी आत आली. तिच्यामागे पाडस. मग आणखी एक हरीण, जरासे आडदांड, बहुधा स्थळ म्हणून निघालेले. फरशांवर खुरांचा आवाज टकटक येत होता. भिंतीवरच्या रंगवलेल्या हरणांकडे त्यांनी पाहिलेदेखील नाही. ती सर्व एका बाजूने, एकामागून एक, शिस्तीने आली (ही गोष्ट विजेच्या सायकलवाल्यांनी कधी केली नाही), आमच्यापासून हातभर अंतरावरून गेली, आणि धुक्यात शिरली. मग यान्टीनने पायंडल मारले.

"रोज?" मी विचारले.

"रोज. आधी ती जातात, मग मी. एकदा मला उशीर झाला होता, तर तिने मला आधी जाऊ दिलं."

"कोणी?"

"त्या मोठीने. बाजूला उभी राहिली. तेव्हापासून माझा पाय आपोआप उचलला जात नाही." तिने सायकल थांबवून माझ्याकडे पाहिले. "चिटणीस, मी गेले वर्षभर एकही हरीण रस्त्यावर मेलेलं पाहिलं नाहीये. तुम्ही पाहिलंय?"

मी पाहिले नव्हते. मंडळाने त्याचे श्रेय अहवालात पुलास दिले होते.

यानंतर वार्षिक सभा आली. प्रांत-सरकारने पुलावर बसवलेल्या कॅमेऱ्याचा गोषवारा हिल्लेगोंडाबाईंनी वाचून दाखवला. पूल ओलांडणाऱ्यांत शेकडा एकाहत्तर मनुष्ये, शेकडा बावीस कुत्री, शेकडा सहा सायकली आणि उरलेला एक टक्का संकीर्ण. संकीर्णात एक बँडपथक, एक ससा (सभासदाचा, टोपलीतून) आणि ते एक हरीण मोडते. हरीण दक्षिणेकडून येऊन दक्षिणेकडेच गेलेले असल्यामुळे त्यास ओलांडणे म्हणता येणार नाही. तांत्रिक भाषेत त्यास जेवण म्हणतात.

"सरकार विचारतंय," हिल्लेगोंडाबाई चष्मा काढून म्हणाल्या, "हरणं कुठे आहेत? मीही विचारते. आपण त्यांच्यासाठी काय नाही केलं? आणि वर्गाला गैरहजर!"

टेउन उठला. "हरणं रस्त्यावरही नाहीत आणि पुलावरही नाहीत. म्हणजे तिसरीकडून जातायत. शोधून काढू की! सभासदांची पथकं करू. पहाटे विजेऱ्या घेऊन सगळीकडे उभे राहू. नाल्यात, रेल्वेच्या मोरीत, त्या जुन्या बोगद्यात—"

"बोगद्यात तर मी पोरांनाही घेऊन येईन," मागून एक बाई म्हणाल्या. "त्यांनी रंगवलाय तो."

"तिथे एखादं बाक टाकता येईल," आणखी एक जण म्हणाला.

मी यान्टीनकडे पाहिले. तिचा चेहरा मोटारीचे तोंड चेपले होते त्या दिवशीसारखा झाला होता. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून लुब्बर्सआजोबांचा आवाज आला.

"पण बोगद्यात तर ती रोजच—"

"आजोबा!" यान्टीन ओरडली. "तुमचा मोजा घसरलाय!"

मोजा घसरला नव्हता. तो मोजा घसरू शकत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य. परंतु ती धावत जाऊन त्यांच्या पायाशी बसली आणि मोजा ओढता ओढता त्यांच्या कानात काहीतरी बोलली. आजोबांनी तोंड मिटले. ते सभा संपेपर्यंत मिटलेले होते, बिस्किटासाठीसुद्धा उघडले नाही. मग ती तशीच उभी राहिली.

"मला भाषण येत नाही," यान्टीन म्हणाली. "पण मी हरणांना जवळून पाहिलंय. तुम्हाला माहीतच आहे कसं. टेउनदादा, हरणं तिसरीकडे कुठे जात नाहीत. ती वाट बघतायत."

"कशाची?" टेउनने विचारले.

"आपली. ती कळपातली जनावरं आहेत. रिकाम्या जागेची त्यांना भीती वाटते. पहाटे पुलावर किती जण असतात आपण? तीस? चाळीस? एवढ्या मोठ्या पुलावर चाळीस माणसं म्हणजे ओसाडच की! त्या वेळी आपण विजेऱ्या घेऊन नाल्यांतून हिंडणार, आणि ती नेमकी पुलावर आली, तर तिथे स्वागताला कोण?"

हे म्हणणे प्रत्येकाला आधीपासून वाटत आले होते. कुणीतरी जाणकाराने ते बोलून दाखवायचे तेवढे राहिले होते.

"आपण कमी पडलो," हिल्लेगोंडाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"कमी पडलो," टेउन म्हणाला, आणि त्याने डोळे पुसले. "मी पहाटेचा फराळ पुलावरच करीन."

ठराव मी मांडला. पहाटेपासून सभासदांनी पुलावर थांबावे, अन्यत्र कोठेही जाऊ नये. घटनेच्या कोणत्या कलमान्वये, हे मला कुणी विचारले नाही. ठराव एकमताने संमत झाला. बिस्किटांचा डबा तिसऱ्यांदा फिरला.

म्हणून सहावी सूचना अशी :

सहा. वन्यजीवांना महामार्ग सुखरूप ओलांडता यावा असे आपणांस मनापासून वाटत असेल, तर कृपया पुलावर या. रोज या, पहाटे या, शेजाऱ्यांना घेऊन या. आपण पुलावर आहात तोवर खाली रस्त्यावर एकही पशू मरत नाही, हे आमच्या आकडेवारीवरून सिद्ध झालेले आहे.

गेल्या आठवड्यात लुब्बर्सआजोबांचा ब्याण्णवावा वाढदिवस झाला. त्यांच्या स्वतःच्या घरी. मोजे दोन्ही पायांत होते.

हे सर्व वाचत असताना सुजाण वाचकाच्या मनात एक विचार येऊन गेला असेल. तो असा, की तो बोगदा एकदा पाहावा. कुणाला त्रास न देता, आवाज न करता, फक्त एकट्याने, एकच पहाट. विचार सुंदर आहे. आमच्या चारशे सभासदांपैकी प्रत्येक जण पुलावर प्रथम असाच, फक्त एकट्याने, आला होता.

यास्तव या लेखातील गावाचे नाव, यान्टीनचे नाव आणि बोगद्याची दिशा मी बदलून लिहिली आहे. पुलाचा पत्ता मात्र मंडळाकडे मागताच मिळेल. आपल्यासाठी एक भिंतीवरचा मीटर राखून ठेवला आहे. येताना खुर्ची आपली आणावी.